होम ब्रू बियर किट: कुठला ब्रँड, कुठला डबा, आणि ठाण्यात का नाही

मी ठाण्याची, मानपाड्याजवळ राहते, ऑफिस ऐरोलीला. मधली सहा वर्षं मेलबर्नला होतो आम्ही आणि तिथे मला गॅरेजमध्ये बियर बनवायचा नाद लागला. परत आल्यावर एकदा सोसायटीच्या गणपतीत कुणाकडे तरी हे बोलून बसले आणि तेव्हापासून दर आठवड्याला एक तरी मेसेज येतोच, कुणाचा मुलगा अॅडलेडला शिकायला गेलाय, कुणाची बहीण लेस्टरला, कुणी ऑनसाइट निघालंय, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई कुठलं किट घेऊ. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी हे सांगा, ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरी बियर बनवता येते का?

नाही. सरळ नाही. १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, म्हणजे ज्याचं आधीचं नाव मुंबई दारूबंदी कायदा होतं, त्याच्या कलम १२ मध्ये दारू बनवायलाच बंदी आहे, लायसन्स असेल तरच सुटका. आणि त्या कायद्यात दारू म्हणजे फक्त व्हिस्की-रम नाही, वाइन, बियर, ताडी सगळं त्यात येतं. "विकणार थोडीच आहे, घरी प्यायलाच" किंवा "पाचच लिटर" असं काही चालत नाही, कलम ६५ मध्ये तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. काही जण मला सांगतात की माझ्याकडे परमिट आहे, अहो ते प्यायचं परमिट, बनवायचं नाही.

म्हणून खालचं सगळं जिथे चालतं तिथल्यासाठी आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बियर बनवायला लायसन्स लागत नाही. अमेरिकेत केंद्राने १९७८ साली परवानगी दिली, एका माणसामागे वर्षाला १०० गॅलन आणि घरात दोन मोठे असतील तर २००, पण तिथे प्रत्येक राज्याचं वेगळं, मिसिसिपी आणि अलाबामा तर २०१३ मध्ये तयार झाले. ऑस्ट्रेलियात घरच्यापुरती बनवा, विकू नका, आणि भट्टी लावून गाळायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, ते तिथेही बेकायदा आहे.

पण किट तर इथे ऑनलाइन दिसतं, मग चालत असणार ना?

डब्यात माल्टचा पाक असतो, तो खायचा पदार्थ आहे, बेकरीवाले पण वापरतात. त्यात यीस्ट टाकलं आणि त्याची बियर झाली की कायदा लागला. दुकानात दिसतं म्हणजे घरी करायला परवानगी आहे असा अर्थ नाही होत.

किटमध्ये नक्की असतं काय?

काकवी बघितलीये ना? तसंच दिसतं, तेवढंच घट्ट, तेवढंच चिकट. बार्लीला मोड आणून, वाळवून (आपण नाचणी सत्त्वाला आणतो तसेच मोड), मग गरम पाण्यात त्यातली साखर उतरवून आटवलेला पाक. बहुतेक डब्यांत हॉप्सचा (एका वेलीची फुलं, बियरला कडूपणा आणि वास त्यांनीच येतो) कडूपणा आधीच घातलेला असतो म्हणून त्याला हॉप्ड एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. सोबत यीस्टची पुडी. तुम्ही करायचं एवढंच की पाक गरम पाण्यात विरघळवायचा, साखर किंवा जादा माल्ट घालायचा, गार पाणी ओतून २३ लिटर करायचं, यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावून गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड.

माझी आई पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बघत होती, मी भला मोठा पांढरा डबा ढवळतेय, तर म्हणाली काय गं, ताक करतेस का एवढं? मी हो म्हटलं. पुढे दोन वर्षं ते ताकच होतं.

बरं मग कुठला ब्रँड बेस्ट?

हा प्रश्नच थोडा चुकतोय, पण तुम्ही विचारणारच म्हणून सांगते. किटांमध्ये खरा फरक ब्रँडचा नसून डब्यात माल्ट किती आहे याचा असतो. दोन जाती आहेत.

एक म्हणजे साधारण दीड ते १.८ किलोचा एक डबा, त्यात तुम्ही वरून किलोभर साखर घालायची, याला तिकडे किट अँड किलो म्हणतात. दुसरी म्हणजे ३ किलोचं, दोन डबे, वरून काही घालायचं नाही. पहिल्यात जवळजवळ निम्मी दारू साखरेची, त्यामुळे बियर पातळ लागते, पोट भरत नाही, उन्हाळ्यात छान पण चवीला उथळ. दुसरं भरदार, महाग, आणि वेळ जास्त घेतं. तुम्ही कूपर्सचा १.७ किलोचा डबा आणि मंटन्सचं ३ किलोचं गोल्ड शेजारी ठेवून कूपर्स पातळ आहे म्हणालात तर ते म्हणजे अर्धा लिटर दूध आणि एक लिटर दूध समोर ठेवून डेअरीला नावं ठेवल्यासारखं आहे. तोच १.७ किलोचा डबा घ्या आणि साखरेऐवजी किलोभर ड्राय माल्ट (त्याच पाकाची सुकी पूड) घाला, मग बघा. मी तरी डोळे बांधून सांगू शकले नसते कुठला कुठला ते.

म्हणून तुलना करताना डब्यावर तीनच गोष्टी बघायच्या: माल्ट किती किलो, लिटर किती होणार, यीस्ट किती ग्रॅम. बाकी चित्रं.

तरी एकेक ब्रँडचं सांगा ना.

सांगते, पण मी सगळेच केलेले नाहीत, काही माझे, काही दादाचे (तो रेडिंगला असतो), काही न्यू जर्सीच्या मैत्रिणीचे.

कूपर्स. अॅडलेडची ब्रुअरी, १८६२ पासूनची, म्हणजे हे आधी खरी बियर बनवणारे आणि मग डबे विकणारे. १.७ किलोचा डबा, २३ लिटर, झाकणाखाली ७ ग्रॅम यीस्ट. ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटमध्ये पण मिळतो, हेच अर्ध काम झालं. नवीन माणसाला मी हाच सांगते, त्यातही लागर (थंडीत आंबवायची बियर) नको, ऑस्ट्रेलियन पेल एल (फिकट रंगाची) किंवा स्टाउट (काळी) घ्या, या दोन्ही एल, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या. स्टाउट चुका झाकतो, आमटी गडद असली की कसं जरा लागलेलं कळत नाही तसं. त्यांच्याच ब्रू एन्हान्सर नावाच्या पुड्या येतात, २ नंबरच्या पुडीत डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज), माल्टोडेक्स्ट्रिन आणि थोडा ड्राय माल्ट असतो, साध्या साखरेपेक्षा ती बरी.

मँग्रोव्ह जॅक्स, न्यूझीलंडचे. डब्याऐवजी पाऊच, त्यामुळे शेवटचा थेंब पिळून काढता येतो, डब्यातून काढायचं म्हणजे खरवडत बसा. त्यांच्या क्राफ्ट सिरीजमध्ये काही प्रकारांना सोबत ड्राय हॉप्सची पुडी पण येते, वास त्याने फार सुधारतो. आयपीए, म्हणजे हॉप्स जास्त घातलेली एल, आवडणाऱ्यांनी इकडे वळावं.

ब्लॅक रॉक, हे पण न्यूझीलंडचे, १.७ किलो, कूपर्ससारखंच गणित. दुकानात कुठला डबा स्वस्त आहे त्यावर मी या दोघांत अदलाबदल करायचे.

मंटन्स. इंग्लंडात सफोक परगण्यात स्टोमार्केट आहे तिथले, मूळ धंदा माल्टचा, १९२१ पासून. दादा यांचं गोल्ड करतो, ३ किलो, साखर नको. वुडफोर्ड्स व्हेरी नावाचं किट तिकडे फार फेमस, ते पण ३ किलोचं, ४० पाइंट म्हणजे साधारण २३ लिटर होतात. खऱ्या इंग्लिश बिटरची (तिकडच्या पबमधली नेहमीची एल) चव, म्हणजे फेस कमी, गार कमी, आपल्याला पहिल्यांदा वाटतं ही बियर उतरलीये की काय. तिकडे पबमध्ये दोन-चार वेळा पिऊन आवडली तरच किट घ्या.

ब्रूफर्म. बेल्जियन. इथे लोक हमखास फसतात, डबा दीड किलोचाच पण त्यातून ९, १२ किंवा १५ लिटर होतात, २३ नाही. महाग वाटतं कारण कमी होते, पण जी होते ती जड आणि कडक, ट्रिपेल वगैरे. आणि बाटलीत दोन-तीन महिने ठेवावी लागते. ज्याला फराळाचा लाडू डब्यात गेल्या गेल्या खायचा असतो त्याने घेऊ नये.

मिस्टर बियर. अमेरिकेतलं, १९९३ पासून, अॅरिझोनातल्या टूसॉनचं, आणि गंमत म्हणजे २०१२ मध्ये ते कूपर्सने विकत घेतलं होतं. छोटं तपकिरी पिंप, २ गॅलन म्हणजे साधारण साडेसात-आठ लिटर, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला एकदम योग्य, कपाटात मावतं. लिटरमागे महाग पडतं, पण बिघडली तर २३ लिटर ओतून द्यायचं दुःख पण नाही.

ब्रुकलिन ब्रू शॉप. १ गॅलन, आणि यात पाक नाहीच, दाणे येतात, ते ६५ अंशाच्या आसपास तासभर भिजत ठेवायचे, मग उकळायचं. बाटल्या होतात नऊ-दहा आणि किचन दिवसभर अडकतं. शिकायला हे सगळ्यात भारी. प्यायला नाही. मैत्रिणीने एकदा केलं आणि म्हणाली पुरणपोळीपेक्षा जास्त भांडी पडली.

नॉर्दर्न ब्रुअर, मिनेसोटाचे, ५ गॅलनची किटं, एक्स्ट्रॅक्ट असतो पण हॉप्स तुम्ही उकळायचे, म्हणजे मधला रस्ता. दोन-तीन डबे करून झाले की पुढची पायरी.

पिंटर, ब्रिटनमधलं. एकाच यंत्रात आंबवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच नळातून प्या, १० पाइंट. बाटल्या धुवायच्या नाहीत हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. पण पॅक त्यांचेच घ्यावे लागतात, कॉफीच्या कॅप्सूलवाल्या मशीनसारखं.

यीस्टवर एवढं काय लिहितात सगळे?

कारण विरजण चांगलं नसेल तर दूध म्हशीचं असून काय उपयोग. किटसोबतची पुडी दुकानाच्या रॅकवर किती महिने आणि किती गरमीत पडून होती देव जाणे. माझा एक डबा, दुकानाचं नाव घेत नाही, सेलमध्ये घेतला, तारीख बघितलीच नाही, उलटून सात महिने झालेले. चार दिवस वाट बघितली, एक बुडबुडा नाही. शेवटी वेगळं यीस्ट टाकलं तेव्हा चाललं पण पाक जुना असला की एक ओल्या पुठ्ठ्यासारखी, थोडी शाईसारखी चव येते, तिकडे त्याला किट ट्वँग म्हणतात, ती राहिलीच. तेव्हापासून नियम, डबा उलटा करून तारीख, मग किंमत.

दुसरं म्हणजे स्वस्तात सुधारणा हवी असेल तर डब्याचं यीस्ट बाजूला ठेवा आणि वेगळी पुडी घ्या. सॅफएल यूएस-०५ स्वच्छ चव देतं, एस-०४ इंग्लिश वळणाचं, दोन्ही ११.५ ग्रॅमच्या पुडीत येतात, म्हणजे किटच्या ७ ग्रॅमपेक्षा दीडपटीहून जास्त. ३ किलोच्या किटांत बियर कधीकधी १.०२० ला (हा हायड्रोमीटरवरचा आकडा, बियर पाण्यापेक्षा किती दाट ते सांगतो, साखर संपत जाते तसा खाली येतो) येऊन अडकून बसते, पुढे सरकतच नाही, त्याचं एक मोठं कारण हेच की यीस्ट कमी आणि साखर जास्त. दादा आता मुळातच एस-०४ टाकतो, विषय संपला.

आणि लागर. डब्यावर लागर लिहिलंय म्हणून आत लागरचं यीस्ट असेलच असं नाही, कित्येकांत एलचंच असतं, कारण खरं लागर यीस्ट १०-१४ अंशाला चालवावं लागतं आणि ते नवीन माणसाला जमत नाही हे कंपन्यांना माहीत असतं. कूपर्सच्या युरोपियन लागरमध्ये मात्र लागर यीस्ट असतं, म्हणून ते घेणार असाल तर जादा फ्रिज आहे का बघा.

टेंपरेचर किती? आमच्या मुलाच्या गॅरेजमध्ये फार गरम होतं.

एल यीस्टला १८ ते २२. आणि हे बाहेरचं नाही, आतलं, कारण आंबताना ते स्वतः गरम होतं, खोलीपेक्षा २-४ अंश वर सहज जातं. आपल्याला हे इडलीच्या पिठावरून कळायला हवं, ठाण्यात मे महिन्यात रात्री दहाला ठेवलेलं पीठ पहाटे चारला ओट्यावर आणि जानेवारीत तेच पीठ सकाळी आठला पण ढिम्म. फक्त इडलीत जास्त आंबली तर घावन करता येतात, बियर २८-३० अंशाला आंबली तर केळ्याचा, नेलपॉलिशचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागतं, त्याला काही घावन नाही.

मेलबर्नला उन्हाळ्यात चाळीस पार जातं. मी काय करायचे, आंबवायचा डबा मोठ्या टबात, टबात पाणी, डब्याला ओला टॉवेल गुंडाळायचा, टॉवेलचं टोक पाण्यात, समोर टेबल फॅन. ४-५ अंश उतरायचे. तिकडे हवा कोरडी म्हणून जमतं हे, आपल्याकडच्या दमट हवेत माठ पण जून महिन्यात पाणी गार करत नाही तिथे टॉवेल काय करणार. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर, सिंगापुरात असणाऱ्यांनी बर्फाच्या बाटल्या टबात टाकाव्यात, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या.

अजून एक रस्ता आहे, क्वाइक. नॉर्वेच्या शेतकऱ्यांचं जुनं यीस्ट, त्यातलं वॉस नावाचं तर ३५ ते ४० अंशात खूष असतं, थोडा संत्र्याचा वास देतं. गरम गावात राहणाऱ्याने डब्याचं यीस्ट फेकून हे टाकावं, ब्रँडची अर्धी चर्चा तिथेच संपते.

घरातली साखर चालते का?

आंबवायला चालते. पण किलोभर घातलीत तर बियर हाडकुळी होते. डेक्स्ट्रोज थोडं बरं, ड्राय माल्ट सगळ्यात चांगलं, निम्मं-निम्मं केलंत तर खिशालाही झेपतं. गूळ घालू का असं मला तिघांनी विचारलंय. मी घातलाय, स्टाउटमध्ये, पावकिलो, मस्त लागला. पेल एलमध्ये घातला तेव्हा जरा उसाच्या गुऱ्हाळासारखी झाली.

बाटल्या फुटतात म्हणे?

फुटतात. माझ्या फुटल्या. आणि चूक शंभर टक्के माझी, सूचनेच्या कागदावर सात दिवस लिहिलं होतं म्हणून सातव्या दिवशी भरल्या. तो कागद आशावादी माणसाने लिहिलेला असतो, प्रत्येक ब्रँडचा. यीस्ट कॅलेंडर वाचत नाही. आत साखर बाकी होती, वर मी बाटलीतली साखर (बाटलीत गॅस व्हावा म्हणून भरताना घालतात ती) टाकली, गॅस झाला दुप्पट, आणि रात्री दोनला लाँड्रीत धडाम. चार बाटल्या. काचा सिलिंगमध्ये रुतलेल्या. नवऱ्याला वाटलं चोर शिरला, तो बॅडमिंटनची रॅकेट घेऊन उभा. आम्ही तिथे झोपलो असतो तर काय झालं असतं हा विचार अजून येतो, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

करायचं काय तर हायड्रोमीटर घ्यायचा, काचेची नळी असते, किटात नसेल तर वेगळा घ्या, यावर पैसे वाचवू नका. दोन-तीन दिवस ओळीने तोच आकडा आला, साधारण १.०१० च्या आसपास, तर संपलं. तरी मी तीन दिवस अजून थांबायचे. मग बाटलीतली साखर लिटरला ६-७ ग्रॅम, म्हणजे २३ लिटरला साधारण १४० ते १६० ग्रॅम, चमच्याच्या अंदाजाने नाही, वजन करून. कूपर्सच्या गोळ्या मिळतात, ३७५ मिलीला एक, ७४० ला दोन, मोजायची कटकटच नाही.

पहिल्या वेळी प्लास्टिकच्या तपकिरी बाटल्याच घ्या. दाबून बघता येतं, घट्ट झाली की कळतं आत गॅस झाला. कूपर्सच्या मोठ्या स्टार्टर किटात ७४० मिलीच्या ३० येतात. तपकिरीच का, तर उन्हाने हॉप्सचा वास बिघडतो, स्कंकसारखा (अमेरिकेतला घाण वास सोडणारा प्राणी) येतो म्हणतात, मी स्कंक हुंगलेला नाही पण घाण येतो हे खरं.

स्वच्छता किती पाळायची?

आजी लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू द्यायची नाही ना, तेवढी. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हे दोन्ही करायचं. सोडियम परकार्बोनेटने धुवायचं, मग स्टार सॅनसारखं बिनधुवायचं सॅनिटायझर. त्याचा फेस येतो, फेस राहिला तरी चालतो, त्याला घाबरून परत नळाखाली धरू नका, सगळं मुसळ केरात. किटसोबत येणारी सॅनिटायझरची पुडी बहुतेक एका वेळेपुरती असते, हे किंमत बघताना लक्षात ठेवा. आंबवायच्या डब्याच्या आत घासणी वापरू नका, चरे पडले की जंतू तिथे संसार थाटतात. त्या डब्याचा नळ उघडून सुटा करून धुवा, नळाच्या आतली घाण कुणीच बघत नाही आणि आंबट बियरचं कारण निम्म्या वेळा तिथेच सापडतं.

पाणी कुठलं?

नळाचं चालतं. क्लोरीनचा वास येत असेल तर अर्धी कॅम्पडन गोळी २३ लिटरला, पाच मिनिटात काम होतं, नाहीतर बियरला बँडेजसारखा वास येतो. बिसलेरी वगैरे आणून ओतायची गरज नाही. नवी मुंबईवाले मोरबेच्या पाण्याचं कौतुक सांगतात, आम्ही ठाणेकर भातसाच्या, पण ते इथलं भांडण इथेच, मुलगा जिथे आहे तिथलं पाणी बघायचं.

किती कडक होते?

हायड्रोमीटरचा सुरुवातीचा आकडा वजा शेवटचा, गुणिले १३१.२५. म्हणजे १.०४२ वरून १.०१० ला आली तर ४.२ टक्के. बाटलीतल्या साखरेने किंचित वाढते. जास्त साखर घालून आठ टक्के करतो म्हणणारे मुलगे असतात, होतं ते, पण प्यायला खोकल्याच्या औषधासारखं.

घरची दारू पिऊन माणसं आंधळी होतात, मरतात, मालवणीला झालं तसं?

हा प्रश्न बहुतेक आई-वडील विचारतात आणि बरोबरच विचारतात. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पण तिथे विष होतं मिथेनॉल, कारखान्यात वापरायचं रसायन दारू म्हणून विकलं गेलं. बार्लीचा पाक यीस्टने आंबवला तर मिथेनॉल नगण्य होतं, विकतच्या बियरइतकंच, कारण गाळून काही दाट केलेलंच नसतं. घरच्या बियरमध्ये खरी भीती दोनच, फुटणारी बाटली आणि प्रमाण न समजणं, कारण घरात ६० बाटल्या असल्या की एक अजून उघडायला हात सहज जातो. ही दुसरी भीती खरी आहे, मी स्वतः दर वेळी निम्मी वाटून टाकायचे.

स्वस्त पडते का?

ऑस्ट्रेलियात हो, कारण तिथे बियरवर कर जबरदस्त. माझ्या वेळी डबा आणि साखर मिळून पंचवीस डॉलरच्या आत यायचं आणि २३ लिटर म्हणजे ३७५ मिलीच्या साठेक बाटल्या, अडीच खोकी. सामानाचा खर्च तीन-चार वेळात निघतो. पण मग तुम्ही दुसरा डबा घेणार, फ्रिज घेणार, नंतर केग (बियरचं स्टीलचं पिंप) घेणार, माझा नवरा हिशोब ठेवायचा आणि तो हिशोब मी कधी वाचला नाही.

मुलाला भेट द्यायचीये, एकच नाव सांगा.

होस्टेल किंवा छोटा फ्लॅट असेल तर मिस्टर बियर, तिकडे मिळत नसेल तर जे काही ८-१० लिटरचं मिळेल ते. घर, गॅरेज असेल तर कूपर्सचं स्टार्टर किट आणि सोबत वेगळी यूएस-०५ ची पुडी. ब्रिटनमध्ये असेल तर मंटन्स गोल्ड, मिळत असेल तर. इथून बॅगेत भरून काही नेऊ नका, तिथे सगळं मिळतं. बॅगेत चकली न्या, बियरसोबत ती लागेल.

मग आम्ही इथे राहणाऱ्यांनी काय करायचं?

लायसन्सवाल्यांची प्यायची. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली तेव्हापासून आपल्याकडेही ताजी बियर मिळायला लागली, आणि तिथे बनवणाऱ्याला गाठून प्रश्न विचारले तर बरेचदा आनंदाने टाक्या दाखवतात. मी सुट्टीच्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना जाते.

आणि घरी हात शिवशिवत असतील तर हॉप वॉटर करा, यात यीस्ट नाही, आंबवणं नाही, अल्कोहोल नाही. सुकलेले हॉप्स ऑनलाइन मिळतात. लिटरभर पाणी उकळून गॅस बंद करा, ते थोडं निवू द्या, ऐंशी अंशाच्या खाली, मग दोन-तीन ग्रॅम हॉप्स घालून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, फडक्यातून गाळा, फ्रिजमध्ये पूर्ण गार करा आणि सोडा मशीनमधून गॅस भरा. मशीन नसेल तर पाणी निम्मं घेऊन दाट करा आणि ग्लासात गार सोडा ओता. उकळत्या पाण्यात हॉप्स टाकू नका, कडू जहर होतं. सिट्रा हॉप्स मिळाले तर बघा, पेरू-लिंबाचा वास येतो. आमच्याकडे आता संध्याकाळी बाल्कनीत हेच असतं, आणि आई विचारते हे तरी खरंच ताक आहे का.